सरांनी दाखवलेला ‘फ्युरी’

अमृतमहोत्सवी स्मरणिकेत बहुतेक जण स्नेहसंमेलन, सहली आणि मैदानावरच्या कबड्डीबद्दल लिहितील, आणि ते लिहायलाच हवं. मला मात्र नववीत पाहिलेल्या एका चित्रपटाबद्दल लिहायचं आहे. मी सांगलीच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. पुरावा म्हणजे काय हे मला लॉ कॉलेजच्या आधी आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात कळलं. ते शिकवणारे इतिहासाचे सर आज हयात नाहीत, म्हणून तर हे लिहून ठेवणं मला जास्तच गरजेचं वाटतं.

साल १९८६. गणेशोत्सवात मंडळं व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणून रात्रभर हिंदी सिनेमे लावायची, तो काळ. सरांच्या मुंबईच्या भावाने एक कॅसेट पाठवली होती. सरांनी स्वतःच्या पैशांनी व्हीसीआर आणला, खिडक्यांना सतरंज्या बांधल्या आणि एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्हाला बसवलं. संवाद इंग्रजी, त्यातही अमेरिकन उच्चार. आम्हाला काही कळणं शक्यच नव्हतं. सर टीव्हीशेजारी उभं राहून प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होते. नाटकवेड्या सांगलीचे सर ते! शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, आवाज वेगळा, न्यायाधीशांचा वेगळा. आजही तो चित्रपट आठवला की मला सरांचाच आवाज ऐकू येतो.

चित्रपटाचं नाव ‘फ्युरी’. १९३६ साली आलेला, फ्रिट्झ लँग यांनी दिग्दर्शित केलेला. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये लँग यांनी जर्मनी सोडली होती आणि अमेरिकेत त्यांनी केलेला हा पहिलाच चित्रपट. ज्यो विल्सन नावाचा एक साधा, कष्टाळू माणूस वर्षभर पैसे साठवून लग्नासाठी आपल्या कॅथरीनकडे निघालेला असतो. ज्यो झालाय स्पेन्सर ट्रेसी, कॅथरीन सिल्व्हिया सिडनी. वाटेत स्ट्रँड नावाच्या गावाजवळ त्याला अडवतात. त्या भागात एका मुलीचं अपहरण झालेलं असतं. ज्योच्या खिशात खारे शेंगदाणे सापडतात, आणि खंडणीच्या चिठ्ठीवर शेंगदाण्यांचा अंश मिळालेला असतो. त्यातच त्याच्याजवळच्या पाच डॉलरच्या नोटेचा नंबर खंडणीच्या नोटांशी जुळतो. एवढ्यावर त्याला चौकशीसाठी कोठडीत ठेवतात. आरोप सिद्ध होणं सोडाच, नीट लावलेलासुद्धा नसतो.

पुढचं सरांनी आम्हाला दोनदा दाखवलं. बातमी फुटते ती सलूनमध्ये, शेरीफच्या हाताखालच्या एका डेप्युटीच्या तोंडून. तिथून ती घरी जाते, शेजारी जाते, दुकानात जाते, बारमध्ये जाते. प्रत्येक तोंड तिच्यात थोडी भर घालतं. ‘एकाला चौकशीला आणलंय’ इथून निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत ‘तोच तो, सोडू नका’ इथवर पोहोचते. सरांनी टीव्ही बंद करून फळ्यावर साखळी काढली. कोण कुणाला म्हणालं, त्याने स्वतः काय पाहिलं होतं, पुढे सांगताना काय वाढवलं. शेवटच्या माणसापर्यंत ‘काय पाहिलं’च्या रकान्यात सर फुलीच मारत गेले. मग वळून म्हणाले, “बाळांनो, या अख्ख्या गावात ज्योला गुन्हा करताना बघितलेला एकसुद्धा माणूस नाही. आणि तरी सगळ्यांना खात्री आहे.”

बायका एकमेकींना बातमी सांगतात तिथे लँग यांनी मध्येच कोंबड्यांचा कलकलाट दाखवला आहे. आम्ही पोरं हसलो. सरांना ते दृश्य अजिबात आवडलं नव्हतं. “अफवा पुरुषांनी सुरू केली, तुरुंगावर चालून गेले पुरुष, आणि कोंबड्या ठरल्या बायका?” ते म्हणाले. एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाचंही कुठे चुकलं हे सांगायला ते कचरले नाहीत, त्यामुळे बाकीचं ते जे मानत होते त्यावर आमचा विश्वास बसला.

मग जमाव. शेरीफ दारात उभा राहतो, अश्रुधूर सोडतो. राज्यपाल मात्र राजकीय सल्ल्यापायी सैनिक पाठवायला उशीर करतात. तुरुंगाला आग लावली जाते. खिडकीच्या गजांमागे ज्यो, आणि खाली गर्दीत नुकतीच पोहोचलेली कॅथरीन. एक बाई लहान मुलाला उंच धरते, त्याला नीट दिसावं म्हणून. वर्गात आवाज नव्हता. ज्योचा कुत्रा त्या आगीत जातो आणि ज्यो मेला असं सगळ्या जगाला वाटतं. नंतर कळतं, खरे अपहरणकर्ते तिकडे भलतीकडेच पकडले गेलेत.

त्यानंतरचा अर्धा भाग माझ्या मते जास्त मोठा आहे. ज्यो जिवंत असतो. एका रात्री तो आपल्या भावांच्या दारात उभा राहतो, भाजलेला आणि आतून पार बदललेला. गावातल्या बावीस जणांवर त्याच्या खुनाचा खटला उभा राहावा, त्यांना फाशी व्हावी, असं तो ठरवतो. म्हणजे कायद्याला न जुमानणाऱ्या लोकांना कायद्याकडूनच मारायचं, तेही न झालेल्या खुनासाठी. सरांनी तिथे पॉज दाबला. पडद्यावर आडव्या रेघा थरथरत होत्या, त्यांच्यामागे ज्योचा चेहरा. “आता बोला,” सर म्हणाले.

सगळा वर्ग उसळला. “बरोबर आहे सर! सोडायचं न्हाई त्यांना!” मागच्या बाकावरचा एक जण तर उभाच राहिला. कुंडलकडचा एक मुलगा म्हणाला, “सर, आमचे आजोबा पत्री सरकारात होते. तेबी कोर्टात जात नव्हते. गावातच न्याय करत होते.”

या प्रश्नाला सरांनी किती गांभीर्याने घेतलं ते मला आजही आठवतं. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगली दोन्हींत, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता लोकांनी चालवलेलं समांतर सरकार, १९४३ ते १९४६ या काळात चाललं; त्यालाच लोक पत्री सरकार म्हणत. कुंडल हे त्याचं मोठं केंद्र. आमच्यातल्या कितीतरी घरांत त्याच्या आठवणी होत्या, अभिमान होता. सरांनाही होता. ते म्हणाले, “तिथे न्यायदान मंडळं होती. जमिनीचे, सावकारीचे, घरगुती तंटे यायचे. दोन्ही बाजूंना बोलवायचे, पंच ऐकून घ्यायचे, मग निकाल. इंग्रजाचं कोर्ट लोकांना आपलं वाटत नव्हतं, म्हणून लोकांनी आपलं कोर्ट काढलं. स्ट्रँडमधल्या लोकांनी ज्योला विचारलं काय? एक तरी प्रश्न?” थोडं थांबून ते पुढे म्हणाले, “आणि पत्र्या मारल्या, शिक्षा दिल्या, त्यात एखाद्यावर अन्यायही झाला असेल. घरी जाऊन आजोबांना विचार. ते खरं सांगतील.” पोरगं खरंच विचारून आलं. आजोबांनी काय सांगितलं ते त्याने फक्त सरांना सांगितलं, आणि सरांनीही ते आम्हाला कधी विचारू दिलं नाही.

खटल्याचा भाग आम्ही पुढच्या शनिवारी पाहिला. गावातले लोक एकामागून एक साक्ष देतात, की आरोपी त्या वेळी तिथे नव्हताच, तो आमच्याकडे होता. शेरीफसुद्धा कुणाला ओळखत नाही. सरकारी वकील सांगतो की एकोणपन्नास वर्षांत अमेरिकेत जमावाने ६०१० माणसं मारली, म्हणजे साधारण दर तीन दिवसांना एक, आणि खटला भरला गेला फक्त ७६५ जणांवर. मग तो न्यायालयात पडदा लावतो. त्या रात्री न्यूजरीलवाल्यांनी, म्हणजे बातमीपट काढणाऱ्यांनी, चित्रण केलेलं असतं. फिल्म मध्येच गोठते आणि ‘मी घरी होते’ म्हणणारी बाई हातात पेटता पलिता घेऊन पडद्यावर उभी असते. फितूर साक्षीदार म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. पुढे कोर्टात ते इतक्यांदा पाहिलं की आता नवल वाटत नाही, पण राग अजून येतो.

एक गोष्ट सरांनी मुद्दाम सांगितली, ती चित्रपटात नाही. या कथेला एका खऱ्या घटनेची पार्श्वभूमी आहे. नोव्हेंबर १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे अपहरण आणि खुनाच्या आरोपाखाली कोठडीत असलेल्या दोघांना जमावाने तुरुंग फोडून बाहेर काढलं आणि समोरच्या बागेत फाशी दिली. राज्यपालांनी जाहीरपणे जमावाची पाठराखण केली. त्या दोघांनी पोलिसांपुढे कबुली दिलेली होती. सर म्हणाले, “ज्यो निर्दोष आहे म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय. तो दोषी असता तर?” आम्ही गप्प. त्यांनी उत्तर दिलं नाही, घंटा झाली. मी ज्या अशिलांची वकीलपत्रं घेतो त्यातले सगळे ज्योसारखे निर्दोष नसतात. नातेवाईक विचारतात, असल्या माणसाचं काम कसं घेता? तेव्हा मला तो शनिवार आठवतो, आणि मी वकीलपत्रावर सही करतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना लोकांनी मुलं पळवणारे समजून काठ्या आणि पट्ट्यांनी मारलं. ते देवदर्शन करत पंढरपूरच्या वाटेवर होते. एका मुलाला रस्ता विचारला, एवढंच निमित्त. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना याच संशयावरून ठार मारण्यात आलं. त्यातली बहुतेक माणसं आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी. अफवा फिरली मोबाईलवर, सलूनची गरज उरली नाही. लवंग्याची बातमी वाचली त्या सकाळी मला सरांच्या फळ्यावरचा तो रकाना दिसला, ओळीने फुल्या मारलेला.

कायदा राईनपाड्यानंतर थोडा पुढे सरकला आहे. जुलै २०१८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेवर प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्यासह सविस्तर निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून एकत्र येऊन केलेल्या खुनासाठी १०३(२) हे वेगळं पोटकलम आहे. माझं स्पष्ट मत, निव्वळ संशयावरून मारलेल्या वाटसरूच्या खटल्यात ते पोटकलम लावताना कस लागणार आहे. पुराव्याची मात्र लँग यांनी कल्पनाही केली नसेल अशी सोय झाली आहे. स्ट्रँडमध्ये कॅमेरा बातमीदारांचा होता, आज मारणारेच चित्रण करतात आणि स्वतःच पाठवतात. अट एवढीच, की कुणीतरी ते मिळवून, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडून, कोर्टापुढे आणायला हवं. आणि गावाने ‘हा आमचाच’ म्हणून त्यातला चेहरा ओळखायला नकार देता कामा नये.

शेवट सांगतो, कारण ज्यांनी पाहिला नाही त्यांनाही हा चित्रपट शेवट माहीत असताना पाहता येतो. कॅथरीनला कोटाला स्वतःच घातलेल्या टाक्यातला निळा दोरा दिसतो, कोर्टात आलेल्या निनावी पत्रात ज्यो नेहमी करतो ती चूक दिसते, आणि तो जिवंत आहे हे तिला कळतं. ज्यो रात्री एकटा गावभर फिरतो. बारमधल्या कॅलेंडरवर त्याला बावीस तारीख दिसते, दुकानाच्या काचेत बावीस चेहरे दिसतात. अखेर निकाल वाचला जात असताना तो न्यायालयात येऊन उभा राहतो. त्या बावीस जणांसाठी आलो नाही, असं तो सांगतो. न्यायावरचा विश्वास, माणसं सुधारलेली आहेत हा विश्वास, आपला देश वेगळा आहे हा अभिमान, हे सगळं त्या रात्री माझ्या आत जळून गेलं आणि कायद्याला त्याची खबर नाही, असं तो म्हणतो. हे सांगताना सरांचा आवाज कापला होता. त्यानंतर लगेच येणारं चुंबन मात्र सरांनी कॅसेट पुढे पळवून टाळलं. मोठेपणी मी ते पाहिलं. ते टाळलं ते बरंच केलं असं मला चित्रपटासाठीसुद्धा वाटतं, इतकं ते चिकटवलेलं आहे.

शाळेच्या विद्यमान मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. या अमृतमहोत्सवी वर्षात नववीच्या मुलांना ‘फ्युरी’ दाखवावा. आता कॅसेट लागत नाही, शाळेत प्रोजेक्टर आहे. मराठी संवादांसाठी कुणी शिक्षक तयार नसतील तर शनिवारी मी येईन. फक्त ज्यो भावांच्या दारात येऊन उभा राहतो तिथे चित्रपट थांबवावा आणि तास संपेपर्यंत मुलांना बोलू द्यावं. उरलेला भाग पुढच्या शनिवारी.