आमची वाटचाल : आधी लाइटची वही, मग कॉम्प्युटर

२००७ साली परभणीत दुकान टाकलं तेव्हा भारनियमन ऐन भरात होतं. शाळांना कॉम्प्युटर द्यायचे ठरवलं, ते चालायचे कशावर हा विचार मात्र आमच्याशिवाय कुणी करत नव्हतं. आजही फार कुणी करत नाही.

२०११ला एका मोठ्या कामात शेजारच्या जिल्ह्यातल्या एका पुरवठादाराने आमच्यापेक्षा बराच कमी दर भरला. वीस डेस्कटॉप, साधे यूपीएस, अर्थिंगच्या नावाने भिंतीत खोचलेली तार. आम्ही ट्युब्युलर, म्हणजे जास्त टिकणाऱ्या, बॅटऱ्या उधारीवर उचलून बसलेलो. काम गेलं, उधारी राहिली. अकरा महिने मोबाइल रिचार्ज विकून दुकानाचं भाडं भरलं. त्याच्या बॅटऱ्या सहा महिन्यांत फुगल्या, आणि लोक म्हणाले, "कॉम्प्युटरवाले सगळे सारखेच." हे बोलणं मला अजून सलतं.

त्या दिवसांत जिंतूर तालुक्यातल्या एका हेडमास्तरांनी हात दिला. पाण्याची टाकी भरायची म्हणून त्यांचा शिपाई रोज वहीत लिहायचा : लाइट आली, गेली. सरांनी तीच वही माझ्यापुढे ठेवली. "आता तुम्हीच सांगा, किती मशिनी बसतील."

१२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास. ती टिकवायची तर निम्मीच वापरायची, त्यातलंही थोडं इन्व्हर्टर खातो. हाती साडेसातशे धरा. शंभर वॅटचे दहा डेस्कटॉप पाऊण तासात ती संपवतात. तीस वॅटचे दहा लॅपटॉप अडीच तास चालतात. आम्ही लॅपटॉपच बसवले. वहीत सकाळी लाइट दिसत होती, म्हणून चार्जिंग सकाळी, तास दुपारी. नेट नव्हतंच, एका मशिनीचा सर्व्हर केला, किविक्स या नेटशिवाय विकिपीडिया दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मराठी विकिपीडिया टाकला, राउटरने वर्गापुरता फिरवला. नवीन काही आलं की मी हार्ड डिस्क घेऊन मोटारसायकलवर जायचो.

शिक्षकांना एक सांगतो : बॅटरीत बोअरचं पाणी कधी घालू नका, डिस्टिल्डच घाला. हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी, घ्या, दर महिन्याला प्रत्येक सेल तपासा. माझा हायड्रोमीटर त्याच काळातला आहे, काच पिवळी पडलीय, पण पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत घनता १.२४०च्या आसपास दाखवतो.

सर निवृत्त झाले. नवीन शाळेचा फोन आला की मी आजही आधी पंधरा दिवसांची वही मागतो. सोनपेठकडची एक कालच आलीय. दुपारी दोन ते चार रोज कोरं आहे.