खरी नोंद, खोटी नोंद : सिबिल सावरतानाचा माझा अनुभव

माझ्या सिबिल अहवालात, म्हणजे कर्ज आणि कार्डाचे पैसे वेळेवर फेडले का याच्या नोंदींत, दोन वाईट नोंदी होत्या. एक खरी, एक खोटी. दोन्ही वेगळ्या ओळखल्या तेव्हाच काम मार्गी लागलं, कारण खोटी नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते आणि खरी नोंद पैसे भरूनच मिटवावी लागते.

घरकर्जासाठी आम्ही नवरा-बायकोने एकत्र अर्ज केला होता. बँकेतले साहेब म्हणाले, "सरांचं ठीक आहे, मॅडम, तुमचं सिबिल बसत नाही." माझ्या स्वतःच्या नावावर एक रुपयाचं कर्ज नव्हतं. तरी ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर माझा स्कोअर ६०० च्या खाली होता.

आपण सरसकट सिबिल म्हणतो, पण भारतात अशा नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. मी चारही मागवले. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घसरत नाही, ही भीती मनातून काढून टाका. आणि अहवाल आला की स्कोअरचं पान उलटून थेट खात्यांच्या यादीकडे जा. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात. हप्ता वेळेवर असेल तर तिथे ०००, नाहीतर किती दिवस उशीर झाला तो आकडा. मागचे ३६ महिने तिथे दिसतात. माझ्या दोन खात्यांत ते चौकोन उशिराच्या आकड्यांनी भरत गेले होते.

पहिलं खातं एका क्रेडिट कार्डाचं. ते मी कधीच बंद केलेलं होतं, बंद केल्याचा बँकेचा ईमेलही माझ्याकडे होता. तरी त्यावर वार्षिक शुल्क लागलं, त्यावर विलंब शुल्क, त्यावर व्याज, आणि ही थकबाकी महिनोन्‌महिने माझ्या नावावर चढत राहिली. सिबिलच्या साइटवर तक्रार नोंदवली. ती नोंद सिबिल स्वतःहून बदलू शकत नाही. ते बँकेला विचारतात आणि बँक म्हणेल ते लिहितात. माझ्या बँकेने उत्तर दिलं की माहिती बरोबर आहे. इथे बरेच जण खचून सोडून देतात. सोडू नका. मी त्या बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, खातं बंद केल्याचा ईमेल जोडून लेखी कळवलं. तक्रार आल्यापासून ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. पत्रात मी त्याचा उल्लेख केला. समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, हेही लिहिलं. मग चक्रं फिरली.

पण नवीन अहवाल आला तेव्हा थकबाकी शून्य झालेली, आणि उशिराचे दिवस मात्र चौकोनांत जसेच्या तसे! बाकी पुसली म्हणजे इतिहास पुसला असं होत नाही. पुन्हा पत्र लिहिलं, नेमक्या कोणत्या महिन्यांची नोंद चुकीची आहे ते एकेक महिना लिहून. तेव्हा कुठे ते खातं स्वच्छ झालं. तक्रार करताना पहिल्याच पत्रात दोन्ही मागा : बाकीही आणि महिनेही.

दुसरी नोंद खरी होती. माझ्या मामेभावाच्या मालवाहू टेम्पोच्या कर्जाला मी जामीन होते. त्याचं पाठीचं ऑपरेशन झालं, गाडी उभी राहिली आणि हप्ते थांबले. ९० दिवस उलटल्यावर खातं बुडीत वर्गात गेलं आणि त्याच्याइतकंच ते माझ्याही अहवालात उतरलं. करार कायद्याचं, १८७२ सालचं, कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आपल्याकडे जामीन म्हणजे नात्याखातर दिलेली सही समजतात. बँकेच्या लेखी ते कर्जच असतं. मला वाईट याचं वाटलं की हप्ते चुकत असताना मला एक साधा मेसेजही आला नाही. भावाने लाजेपोटी सांगितलं नाही, ते मी समजू शकते. बँकेने कळवायला हवं होतं.

मग वसुलीवाल्यांचा फोन आला. "ताई, एवढे भरा, बाकी माफ. आज हो म्हणा, उद्या ऑफर नसेल." रक्कम थकबाकीच्या निम्म्याहून कमी होती, घरात सगळ्यांना ती सुटका वाटली. मी एकच विचारत राहिले : अहवालात काय लिहून येईल? तो म्हणे, खातं बंद होईल. मी म्हटलं, लेखी पाठवा. पत्र आलं त्यात शब्द होता, ‘सेटल्ड’. याचा अर्थ बँकेने तोटा सोसून प्रकरण मिटवलं. पुढचा कर्ज देणारा तो शब्द वाचतो आणि हात आखडता घेतो. पूर्ण पैसे भरले तर ‘क्लोज्ड’ येतं. अगदीच परिस्थिती नसेल तर तडजोड घ्यावी लागते, त्याला माझा विरोध नाही. पण घरकर्ज हवं असणाऱ्याने त्या शब्दाची किंमत आधी जाणून घ्यावी. आणि आधीच सेटलमेंट झालेली असेल, तर सोडलेली रक्कम नंतर भरून नोंद बदलून देता का, हे बँकेला विचारता येतं.

भावाला मी समोर बसवून सगळं दाखवलं. रडला बिचारा. "ताई, टेम्पो विकतो," म्हणाला. बँकेच्या परवानगीने विकला, पैसे थेट कर्जखात्यात गेले, उरलेले मी माझ्या आवर्ती ठेवीतून भरले. तेवढ्या रकमेचा कागद आम्ही दोघांनी केला. जामीनदाराने भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क त्याच कायद्याचं कलम १४५ देतं, आणि कागद असल्याने नातं बिघडलं नाही, उलट टिकलं. बँकेकडून ना-हरकत दाखला, आरटीओतला कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि थकबाकी शून्य असल्याचं पत्र, सगळं त्याच खेपेला मागून घेतलं.

खातं ‘क्लोज्ड’ झालं तरी उशिराचे महिने राहतातच. त्यांच्यावर नवे चांगले महिने चढवत नेणं एवढंच हातात असतं. यासाठी मी मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घेतलं, कारण साधं कार्ड मला कोणी दिलं नसतं. त्यावर फक्त वीजबिल आणि मोबाइल. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवला आणि बिल तयार होण्याच्या तारखेआधीच बरेचसे पैसे भरत गेले, कारण सहसा बिलावरची बाकीच पुढे कळवली जाते. पूर्ण बिल आपोआप कापलं जाईल अशी सोय केली. किमान रक्कम भरल्याने उशीर लागत नाही, पण व्याज चढतं आणि बाकी वाढत जाते. या काळात कुठेही कर्जाचा अर्ज केला नाही. अर्ज केला की कर्ज देणाऱ्याची चौकशी नोंदली जाते आणि लागोपाठ चौकशा वाईट दिसतात.

फोनवर आठवड्यात सिबिल वाढवून देतो म्हणणारे भेटले, आगाऊ पैसे मागणारे. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही आणि खोटी पुसून घ्यायला एक पैसा लागत नाही, हे मी स्वतः करून पाहिलं होतं, म्हणून त्यांना ठाम नाही म्हणू शकले.

२०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला या कंपन्यांना माहिती पाठवावी लागते, त्यामुळे केलेली सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते. तरी माझा स्कोअर पायरी-पायरीनेच चढला, मध्ये एकदा थोडा उतरलाही. ७०० पार झाल्यावर आम्ही पुन्हा अर्ज केला, सोबत जामिनाची हकीकत आणि दाखले जोडले. कर्ज मंजूर झालं, नवऱ्याला एकट्याला मिळालं असतं त्याहून थोड्या चढ्या दराने. दर कमी करून मिळावा म्हणून ७५० ओलांडल्यावर अर्ज देणार आहे.

भावाचा अहवालही आता मीच त्याच्यासोबत बसून बघते. त्यानेही ठेवीवरचं कार्ड घेतलंय, आणि मला दर महिन्याला ठरलेली रक्कम पाठवतो.