‘क्लोटिल्डा’ 1:48 : उजवी बाजू उघडी ठेवतोय

‘क्लोटिल्डा’ या गुलामवाहू जहाजाच्या मॉडेलचा सांगाडा उभा राहिला. माप 1:48, म्हणजे मूळच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं. कणा आणि फासळ्या 3 मिमी प्लायच्या, वरच्या फळ्या पॅकिंगच्या पेट्यांतल्या पाइनच्या. मूळ जहाज विल्यम फॉस्टरने 1855 साली अलाबामातल्या मोबाइल गावी बांधलं, पांढऱ्या ओकच्या फासळ्यांवर यलो पाइनच्या फळ्या ठोकून. पेट्यांमधून बारीक रेषांचे तुकडे निवडून घेतले, तर या मापाला ते छान शोभतात.

नोंदणीच्या कागदांत लांबी 86 फूट, रुंदी 23 फूट आणि होल्डची, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या जागेची, खोली 6 फूट 11 इंच आहे. आपल्या मापात 546, 146 आणि 44 मिमी.

ती 44 मिमीची जागा आतून दिसावी म्हणूनच डावी बाजू पूर्ण झाकून उजवी उघडी ठेवायचं ठरवलं. 1860 साली याच होल्डमध्ये आजच्या बेनिनमधल्या विडाहहून 110 माणसं कोंबून आणली. अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला 1808 पासून बंदी होती, तरी टिमथी मेहर नावाच्या धनिकाने हा उद्योग केला आणि फॉस्टर स्वतः कप्तान म्हणून गेला. माणसं उतरवून घेतल्यावर पुरावा राहू नये म्हणून त्याने जहाज नदीत जाळलं.

नदीत सापडलेल्या भग्नावशेषावर नाव नाही, घंटा नाही, काही नाही. मग ओळखलं कसं? आपल्यासारख्यांना यात फार शिकण्यासारखं आहे. सांगाड्याची मापं घेऊन ती जुन्या नोंदींशी ताडली, लाकडाचे नमुने तपासले, खिळ्यांचं लोखंड पाहिलं, जळल्याच्या खुणा शोधल्या. पाणी इतकं गढूळ की पाणबुडे हाताने चाचपत काम करत होते. त्यांच्यात ‘डायव्हिंग विथ अ पर्पज’चे कमाउ सादिकी होते. बुडालेल्या गुलामवाहू जहाजांची शास्त्रशुद्ध नोंद कशी करायची हे ही संस्था पाणबुड्यांना शिकवते, तरुण मुलांनाही तयार करते. हे काम मला अतिशय मोलाचं वाटतं. मे 2019 मध्ये अलाबामाच्या ऐतिहासिक आयोगाने ओळख पटल्याचं जाहीर केलं. नदीतल्या गाळाने जहाजाचा मोठा भाग सांभाळून ठेवला होता.

गुलामगिरीतून सुटका झाल्यावर जहाजातून आणलेल्या त्या माणसांना मायदेशी परतायचं होतं, पण तेवढा पैसा नव्हता. मजुरी करून त्यांनी जमीन घेतली आणि ‘आफ्रिकाटाउन’ वसवलं. तिथल्या वंशजांनी ही हकिगत पिढ्यान् पिढ्या जपली. बाहेरचे अनेकजण तिला दंतकथा समजत. जुलै 2023 पासून तिथल्या ‘हेरिटेज हाउस’मध्ये जहाजाचे अवशेष पाहायला मिळतात, म्हणजे ज्यांचा वारसा त्यांच्याच वस्तीत.

आता माणसांचं काम. साडेपाच फुटी माणूस या मापात 35 मिमीचा होतो. होल्डमध्ये पाण्याची आणि खाण्याची पिंपं लावून वर फळ्या टाकल्या की उरलेल्या जागेत तो उभा राहूच शकत नाही. म्हणून सगळ्या आकृत्या बसलेल्या किंवा आडव्या करतोय. याच जहाजातून आणलेला, आफ्रिकाटाउनचा कोसोला 1935 पर्यंत जगला. तेराव्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा डेकवर आणलं, असं त्याने सांगून ठेवलंय. या प्रवासातून वाचलेल्यांपैकी माहीत असलेली शेवटची व्यक्ती मॅटिल्डा मॅक्रिअर, 1940 साली वारली. होल्डमध्ये होती तेव्हा जेमतेम दोन वर्षांची, आईसोबत. तिची आकृती 18 मिमीची झाली. एपॉक्सी पुटीची केली आणि आईच्या मांडीवर ठेवली. चेहरे सुईच्या टोकाने करतोय, प्रत्येक वेगळा. एकच साचा काढून 110 ओतणं मला पटत नाही. वेळ लागेल.

मॉडेल पूर्ण झालं की जवळच्या शाळेत न्यायचंय, आणि काचपेटीऐवजी टेबलावर ठेवायचंय, म्हणजे मुलं वाकून आत बघतील. माहितीचा फलक मराठीत लिहायला घेतलाय. त्यात आफ्रिकाटाउनला निम्मी जागा ठेवणार आहे.

पुढचं काम दोन डोलकाठ्या आणि तळावरचा तांब्याचा पत्रा. चिकट तांब्याची टेप आणून ठेवलीय, पण या मापाला ती फार चकाकते. ती काळवंडायला कुणी ‘लिव्हर ऑफ सल्फर’ हे गंधकाचं रसायन वापरलंय का? टेपचा गोंद सुटतो का, तेवढं सांगा.