टाकळा झोपला होता

रविवारी मुंबईतल्या आरे कॉलनीत जाऊ नका. गर्दी, चिखल, भुट्टे, सेल्फी, आणि घरी परतायला रिक्षा नाही, तिथल्या छोटा काश्मीर बागेबद्दल मला एवढंच सांगायचंय.

खरी गंमत झाली टाकळ्याची, म्हणजे त्या पावसाळी रानभाजीची. दुपारी पाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर हा एवढा टाकळा उगवलेला, अगदी कोवळा. माझं माहेर कुडाळचं, त्यामुळे टाकळा ओळखायला मला कोणी शिकवायला नको, एका देठाला पानांच्या तीन जोड्या, पान टोकाला गोल नि देठाकडे निमुळतं, आणि चुरगळलं की तो उग्र वास. नवरा म्हणाला आधी जेवू, येताना घे. ऐकलं मी. हीच चूक.

येताना सात वाजून गेलेले आणि टाकळा गायब! तीनदा त्याच वाटेवर वरखाली केलं, कोणीतरी खुडून नेला म्हणून नवऱ्यावर चिडूनही झालं. तेवढ्यात पाड्यावरची एक मावशी रिकामी पाटी घेऊन येत होती, ती हसायलाच लागली. "समोरच हाय की ताई. झोपलाय तो."

वाकून बघितलं तर खरंच, सगळी पानं जोडीजोडीने मिटून खाली लोंबलेली, झाडाचा आकारच बदललेला. इतकी वर्षं खातेय पण आमच्याकडे खुडायचा तो सकाळीच, आणि मुंबईत येतो तो थेट वाट्यातून, संध्याकाळचा टाकळा मी बघितलाच कधी होता?

मावशीने नुसते शेंडे खुडायला सांगितले. पिवळं फूल आलं की नको म्हणे, निबर होतो. मोबाईलच्या उजेडात अर्धी पिशवी भरायला पाऊण तास गेला, कंबर मोडली, डास चावले ते वेगळेच. आणि स्टेशनबाहेर वीस रुपयांच्या वाट्यासाठी मी "तीसला दोन दे ना" करत उभी असते. मावशीला पैसे देऊ केले तर म्हणाली, तूच खुडलास, मला कशाला?

घरी लसूण, कांदा, हिरवी मिरची, भिजवलेली चणाडाळ, वरून ओलं खोबरं. शिजल्यावर अर्ध्या पिशवीची झाली एक वाटी. नवऱ्याने दोन घास खाऊन "कडसर आहे गं" म्हणून वाटी माझ्याकडे सरकवली, म्हणजे सगळी मलाच.

आईला कौतुकाने फोटो पाठवला तर तिचा उलटा फोन, "फणसाच्या आठळ्या नाही घातल्यास?"