सल्फाइटच मागा, सल्फेट नको

कॅमेऱ्याचा ब्लॅक अँड व्हाइट फिल्म रोल घरी धुवायचा तर तयार डेव्हलपरचं, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचं, पाकीट बाहेरनं मागवायचं, वर कुरिअरचे पैसे वेगळे, आणि आमच्या बेळगावच्या पावसात ते कधी कोरडं येईल भरवसा नाही. त्यापेक्षा डी-23 नावाचा डेव्हलपर घरीच करा की. कोडॅकचाच फॉर्म्युला आहे, दोनच जिन्नस, एक लिटरला मेटॉल (चित्र उमटवणारी मूळ पूड) साडेसात ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम, संपलं. डी-76 या दुसऱ्या डेव्हलपरला हायड्रोक्विनोन आणि टाकणखार पण लागतो, ते नंतर बघू.

खरी भानगड दुकानात. सल्फाइट म्हणून सांगितलं तरी समोरचा सल्फेटचा डबा काढून ठेवतो, आणि सल्फाइड तर नकोच नको, कुजक्या अंड्याचा वास घरभर. म्हणून चिठ्ठीवर लिहून न्यायचं आणि डब्यावर 'अनहायड्रस' लिहिलंय का ते स्वतः वाचायचं, कारण खडेवालं मिळालं तर त्यात पाणी धरलेलं असतं, मग 100 च्या जागी 200 ग्रॅम घ्यावं लागतं. लॅब केमिकलवाल्याकडे नसेल तर बॉयलरला केमिकल पुरवतात त्यांना विचारा. आमचा चुलतभाऊ चिक्कोडीकडं साखर कारखान्यात बॉयलरवर आहे, तो म्हणाला अरे पाण्यातला ऑक्सिजन मारायला आम्ही हेच टाकतो. डेव्हलपरमध्येही ते तेच करतं, हवेतला ऑक्सिजन स्वतः खातं आणि मेटॉलला वाचवतं. शिवाय एवढं जास्त असल्यामुळं चांदीचा दाणा थोडा विरघळून ग्रेन, म्हणजे फोटोतले दिसणारे कण, मऊ येतो, आणि पाणी थोडं अल्कली होतं म्हणून वेगळा सोडा लागत नाही.

आता क्रम. शहापूरला एक काका आहेत, पूर्वी स्टुडिओ होता त्यांचा, ते म्हणतात, "आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळलं की मग उरलेलं सगळं, घाई करू नकोस बघ." नुसत्या पाण्यात मेटॉल टाकलं तर हवा लागून तपकिरी व्हायला लागतं, आणि सगळं सल्फाइट आधी ओतलं तर मेटॉल विरघळायलाच तयार नसतं, म्हणून ती चिमूट. पाणी 50 डिग्रीच्या आसपास, पाऊण लिटर, शेवटी भर घालून एक लिटर. सोनाराकडं असतो तसला बारीक डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, तो घ्याच, चमच्याच्या मापाचं काही खरं नाही. हातमोजे घाला, मेटॉलनं काहींच्या हाताला खाज सुटते, पुरळ येतं. दम्याचा त्रास असेल तर सल्फाइटची पूड उडवू नका. आणि यासाठी घेतलेलं पातेलं परत स्वयंपाकात नाही म्हणजे नाही, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

डेव्हलपरनंतर चित्र पक्कं करणारा फिक्सर तर त्याहून सोपा, लिटरला 250 ग्रॅम हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे. तो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेलनं 1819 सालीच बघून ठेवलेलं. फक्त पाणी गरम घ्या, कारण खडे विरघळताना पाणी इतकं गार पडतं की पातेल्याला बाहेरनं हात लावला तरी कळतं. रोल आत जायच्या आधी फिल्मचा कापलेला तुकडा त्यात टाकून बघायचा, पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिक्सिंग.

वापरलेल्या हायपोत चांदी उतरते, तो गटारीत ओतू नका. स्टील वूल टाकून ठेवलं की चांदीचा गाळ खाली बसतो. काका म्हणतात चांदीवाल्यांची हुपरी काय लांब आहे, जाऊन विकून ये की. पण एका रोलातनं निघून निघून निघणार किती ओ काका!