अळणी समुद्र आणि परत आलेला नारळ

आईने समुद्राला वाहिलेला नारळ शेजारच्या होडीतल्या स्वीडिश आजोबांनी वल्ही मारत येऊन आम्हाला परत आणून दिला. आठ दिवस झाले, मला त्यांचा राग आलाय की नाही हे अजून ठरत नाहीये. म्हणून लिहायला बसले.

मिडसोमर होतं, स्वीडनचा मोठा सण. नाव उन्हाळ्याच्या मध्याचं, पण स्टॉकहोममध्ये उन्हाळा खरा सुरू होतो तो याच दिवशी. शाळांना नुकतीच सुट्टी लागलेली असते, ऑफिसं ओस पडतात आणि ज्याच्याकडे होडी आहे किंवा होडीवाला मित्र आहे तो बेटांकडे पळतो. सण १९५३पासून कायम १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी. तिथी नाही, नक्षत्र नाही, लाँग वीकएंड पक्का. पहिल्या वर्षी मी याला 'सरकारी सण' म्हणून हसले होते. आता गणपती मंगळवारी आला आणि रजा शिल्लक नसली की त्यांची अक्कल पटते.

यंदा आई इथे आहे. बाबा गेल्यापासून पावसाळ्यात ती रेवदंड्याला एकटी असते, परसातल्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि मला इथे झोप लागत नाही. तेव्हा 'चल, जून-जुलै तरी माझ्याकडे' म्हणून घेऊन आले. (बारा महिने का नाही, किंवा मीच तिकडे का नाही, हे कृपया विचारू नका. माझी मावशी विचारतेच.)

आई मेमध्ये उतरली तेव्हा इथल्या होड्या क्रेनने पाण्यात सोडणं चाललं होतं. सहा-सात महिने त्या टेकूंवर, ताडपत्रीखाली बर्फ झेलत जमिनीवर उभ्या असतात. आई घाटावर उभी राहून दोन तास बघत होती. तिकडे आमच्या गावात नेमकं उलटं चाललेलं असतं. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारायच्या. मांडव्याच्या लाँचही बंद. आई म्हणाली, "तिकडे वर काढतायत, इथे खाली सोडतायत. समुद्राला पाळ्या लावल्यात की काय?" आणि थोड्या वेळाने, "म्हणजे ही यांची नारळी पौर्णिमाच की गं."

झालं. तिथून नारळाने उचल खाल्ली.

आम्ही कोळी नाही. पण घर कोळीवाड्याला लागून, त्यामुळे नारळी पौर्णिमेला मिरवणुकीतला सोनेरी नारळ आमच्या ओट्यासमोरून जायचा आणि आई स्वतःचाही एक किनाऱ्यावर नेऊन सोडायची. इथे मिळतो तो नारळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, शेंडी उडवलेली, वर फोडायला सोपा जावा म्हणून भोवती खाच पाडलेली. "अर्धा फोडलेला नारळ समुद्राला द्यायचा?" तिसऱ्या दुकानात, एका श्रीलंकन माणसाकडे, शेंडीची चार केसरं असलेला सापडला. तो त्याने कुठल्या कोपऱ्यातून काढला देव जाणे.

होडी माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याच्या घरची, ३४ फुटी, वयाने माझ्याएवढी. मैत्रीण नागपूरची, तिने समुद्र पहिल्यांदा बाविसाव्या वर्षी पाहिला आणि आता शिडाच्या दोऱ्या अशा ओढते की आम्हा कोकणवाल्यांची मान खाली जावी. एवढा समुद्रकिनारा आपला, आणि मौज म्हणून शिडाची होडी हाकणारं माझ्या ओळखीत कुणी नव्हतं. आपल्याकडे समुद्रात जायचं ते पोटासाठी. निदान मी लेकीला तसंच सांगते, तिने विचारलं की.

स्टॉकहोमजवळच्या वाक्सहोल्महून निघालो. समोरच्या बेटावरचा किल्ला बघून आईचा शेरा: "कोर्लई बरा." साडीवर फ्लीस, फ्लीसवर केशरी लाइफ जॅकेट, कानाला स्कार्फ. ट्रेलहावेतच्या मोकळ्या पाण्यात वारा भरला आणि होडी एका अंगावर कलली. मी रेलिंग धरून डोळे मिटले. आई मात्र शांतपणे पदर खोचून वरच्या बाजूला सरकून बसली. लहानपणी पडावातून आजोळी जायची म्हणे. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळतंय.

मग तिने हात बाहेर काढून पाणी चाखलं.

"अगं, हा अळणी आहे!"

आहेच. बाल्टिकमध्ये नद्यांचं पाणी एवढं येतं आणि बाहेरच्या समुद्राशी जोडणारी वाट इतकी चिंचोळी की स्टॉकहोमजवळ लिटरला जेमतेम सहा ग्रॅम मीठ असतं. आपल्याकडे पस्तीसच्या आसपास. पुढचा प्रश्न भरतीचा. बाबांनी आम्हाला शिकवलेलं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आई अजून कॅलेंडर बघून बोटांवर मोजते. इथे ते सगळं ज्ञान फुकट. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पाणी वर-खाली होतं ते वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने. मीठ नाही, भरती नाही, मग याला समुद्र का म्हणायचं, असं तिचं म्हणणं पडलं. कप्तानसाहेबांना, म्हणजे मैत्रिणीच्या नवऱ्याला, हे भाषांतर करून सांगितलं तर ते जरा दुखावले. त्यांनी प्रतिष्ठा राखायला दुसरी गोष्ट काढली: हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली ही जमीन अजून वर येतेय, या भागात वर्षाला साधारण अर्धा सेंटिमीटर. त्यांच्या पणजोबांच्या नकाशात पाणी असलेल्या जागी आता खडक आहे. आई एकदम खूश. "म्हणजे परशुराम इथे अजून कामावर आहे."

संध्याकाळी चारच्या सुमाराला फिनहाम्नजवळच्या एका खाडीत शिरलो. इथे धक्का-बिक्का नसतो. मागून नांगर टाकायचा, होडीचं नाक अलगद खडकाला टेकवायचं, एकाने दोर घेऊन उडी मारायची आणि खडकाच्या भेगेत लोखंडी मेख ठोकायची. उडी माझ्या नवऱ्याने मारली. गुडघ्यापर्यंत ओला झाला, पण दोर सोडला नाही. बेट कुणाचं, परवानगी कुणाची, काही विचारायचं नाही. कुणाच्या घराच्या अंगणाशी जायचं नाही, नासधूस करायची नाही, की झालं. रात्र काढता येते. हा हक्क १९९४पासून त्यांच्या राज्यघटनेत आहे. अलिबागकडच्या बंगल्यांच्या भिंती पार वाळूपर्यंत आलेल्या पाहिलेल्या माणसाला हे बघून भरून येतं. मात्र वीस होड्या लागलेल्या त्या खाडीत एकानेही 'या, चहा घ्या' म्हटलं नाही, हेही लिहिते. रेवदंड्यात परक्या माणसाला वाडीत शिरायचा हक्क नसतो, पण शिरला तर शहाळं प्यायल्याशिवाय सुटत नाही.

तर नारळ. आईने हळद-कुंकू लावलं, होडीच्या मागच्या शिडीवर उभी राहिली, पुटपुटली, आणि दोन्ही हातांनी तो हलकेच पाण्यात सोडला. बुडुक करून खाली गेला, वर आला, आणि तिथेच डुलत राहिला. आपल्याकडे ओहोटी घेऊन जाते, नाहीतर कोळ्यांची पोरं उड्या मारून पळवतात. इथे दोन्ही नाही. वाऱ्याची झुळूक आली आणि नारळ निघाला खाडीच्या आत, एकेका होडीसमोरून, पाहणीला आलेल्या साहेबासारखा. लोक ताटातला बटाटा काट्यावर धरून बघत होते.

पाचव्या होडीतले आजोबा उठले. ऐंशीचे तरी असतील. छोट्या वल्ह्याच्या होडीत उतरले, नारळ पाणी उपसायच्या डब्यात अलगद घेतला आणि आमच्याकडे आले. कुंकू धुऊन गेलं होतं. "तुमचं काहीतरी पडलं," म्हणाले, आणि दोन्ही हातांनी पुढे केला. आईने सवयीने दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला.

मी मात्र तापले. मी स्वीडिशमध्ये सांगितलं की पडला नाही, दिलाय. ते म्हणाले, "कुणाला?" मी म्हटलं, समुद्राला. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग मला अगदी सौम्यपणे समजावलं की इथे पाण्यात काही टाकत नाहीत. होडीतल्या संडासाचंसुद्धा पाण्यात सोडायला २०१५च्या एप्रिलपासून बंदी आहे, टाकी बंदरात जाऊन रिकामी करावी लागते. नारळाचा आणि संडासाचा एकाच वाक्यात उल्लेख! आईला मी हे भाषांतर करून दिलं नाही.

काय काय आलं मनात. की नारळ हा कचरा नाही. की यांच्या होड्यांच्या नाकावर मिडसोमरसाठी बर्चच्या हिरव्या डहाळ्या बांधल्यात, ती पानं गळून कुठे पडतात? पाण्यातच ना? ते तोरण आणि आमचा कचरा? की दीडशे वर्षं कारखान्यांची घाण याच समुद्रात सोडून मग शहाणे झालेल्यांनी एका म्हातारीच्या नारळावरून शिकवू नये. हे सगळं मी रात्री नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचा आपला किनारा?" मी म्हटलं तो विषय वेगळा. वेगळाच आहे. पण मला आठवत राहिलं की आई गावाला निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत भरून नेते आणि कधीकधी पिशवीसकट सोडते, आणि मी तिला आजवर एकदाही हटकलेलं नाही.

आईने विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "समुद्राने परत दिला म्हणतायत." हे खोटं का बोलले माहीत नाही.

"मग प्रसाद झाला. त्यांना वर बोलव."

आता फोडायचा कुठे? लाकडी डेकवर नाही, कप्तानांचा चेहराच पडला. शेवटी खडकावर, मेख ठोकायच्या हातोडीने. पाणी वाटीत धरलं, खोबऱ्याचे तुकडे केले, वर साखर. आजोबा खडकावर मांडी न घालता येणाऱ्या माणसासारखे बसले, खोबरं चावत बराच वेळ विचार करत राहिले आणि म्हणाले, "कडक आहे." मग उठून गेले. मला वाटलं, संपलं. तर बायकोला आणि एक पातेलं घेऊन परत आले.

पातेल्यात नवे बटाटे आणि शेपू. इथे मला थोडं विषयांतर करू द्या, कारण हे बारा वर्षं साचलंय. हा अख्खा देश शेपूवर चालतो. आपल्याकडे ज्या भाजीवरून घरात दोन पक्ष पडतात, वास आला की पोरं डबा परत आणतात, ती इथे मिडसोमरच्या प्रत्येक ताटात. बटाट्यावर शेपू, माशावर शेपू, दह्यासारख्या आंबट सायीत शेपू. माझी लेक घरी शेपूची भाजी केली की नाक दाबते आणि त्या खडकावर तिने सात बटाटे खाल्ले. "हे डिल आहे," म्हणते. आईने तिला एकच वाक्य ऐकवलं, "नाव बदललं की चालतं होय?" हेरिंगच्या लोणच्यावर मात्र आईची नि माझी एकी झाली. तारलीच्या जातीचा चांगला मासा, आणि त्यात साखर. मासळीला साखर!

कप्तानांनी दोर पक्के झाल्याचं तीनदा तपासल्यावरच पहिला प्याला भरला. दहा मीटरच्या वरची होडी, त्यामुळे हाकताना कायद्याने दारूची मर्यादा गाडीसारखीच. मग प्रत्येक घोटाआधी गाणं, मुलांच्या बेडूकउड्या, थंडगार पाण्यात डुबक्या. मी घोट्यापर्यंत उतरले, तेवढं पुरे.

आईची खरी पंचाईत दिवेलागणीची झाली. आठ वाजले, नऊ वाजले, ऊन तसंच. "दिवा लावायचा कधी?" सूर्य दहा वाजून गेल्यावर बुडाला. मग तिने बॅटरीचा दिवा सुरू करून 'शुभं करोति' म्हटलं. लेकीने जांभया देत साथ दिली. आकाश काही काळोखलं नाही.

त्याच वेळी आई परत मागच्या शिडीशी गेली. हातात खोबऱ्याचा एक तुकडा राखून ठेवला होता. मी बघत होते. पाचव्या होडीत आजोबा कॉफी घेऊन बसले होते, तेही बघत होते. तुकडा पाण्यात गेला. आजोबांनी कप खाली ठेवला, उठले, आणि स्वतःच्या होडीचा एक चांगला घट्ट बांधलेला दोर सोडून पुन्हा बांधायला लागले.

सकाळी उठलो तेव्हा ते निघून गेले होते. करवंट्या आईने धुऊन पिशवीत घातल्या, गावाला न्यायच्या म्हणे. परतताना वारा पूर्ण पडला आणि वाक्सहोल्मपर्यंत इंजिनावर यावं लागलं.