ज्वारी पिकते तिथेच लोक उपाशी कसे? तुम्ही विचारलंत म्हणून

सोलापूरच्या ज्वारीच्या अडतीत वय गेलं माझं, आणि ज्वारी दुनियेत कुठेही असो, तिचा भाव बघायची खोड लागलेली, त्यात सुदान तर रोजचाच. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक भेटले की हा प्रश्न ठरलेला: सुदानमधे एवढी ज्वारी पिकते, मधेच बातमी येते की साठा वाढला, मग तिथे उपासमार कशी काय? आणि पिकतंय एवढं तर बाहेरून मागवतात कशाला?

आधी दुसरं सांगतो, ते सोपं आहे. सुदान मागवतो तो मुख्यतः गहू. खेड्यात ज्वारीची किसरा (आपल्या घावनासारखी पातळ, पीठ आंबवून केलेली) आणि असीदा, म्हणजे घट्ट शिजवलेलं पीठ. खार्तूमसारख्या शहरांना मात्र गव्हाच्या पावाची सवय लागली, सरकारनंच लावली, अनेक वर्षं सबसिडी देऊन. गहू डॉलरनं येतो आणि 2011 ला दक्षिण सुदान वेगळा झाला तेव्हा बहुतेक तेल तिकडे गेलं, डॉलर आटले. 2018 च्या डिसेंबरात पाव एक पौंडाचा तीन पौंड झाला, अतबरा शहरात लोक रस्त्यावर आले आणि पुढच्या एप्रिलमधे राष्ट्राध्यक्ष बशीरची तीस वर्षांची सत्ता गेली. आता गहू महागला किंवा बोटीच आल्या नाहीत की शहरातला माणूसही ज्वारीकडेच वळणार ना, म्हणजे गव्हाची तूट शेवटी ज्वारीच्या कोठारातून भरून निघते. आयातीवर जगणाऱ्या देशाचा ज्वारीचा साठा बघायचा असेल तर आधी त्याचा गहू बघावा लागतो, हे आमच्या धंद्यातल्या लोकांनाही पटकन पटत नाही.

आता साठा. तो आकडा येतो कसा ते बघा. पोती मोजायला कुणी जात नाही हो. मागची शिल्लक घ्यायची, यंदाचं पीक आणि आयात मिळवायची, त्यातून खाणं, बियाणं, जनावरांचं, नासाडी, निर्यात वजा करायची, आणि खाली उरतं त्याला म्हणायचं वर्षअखेरचा साठा. वरच्या प्रत्येक अंदाजातली चूक घरंगळत खाली येऊन त्या एका आकड्यात बसते. पीक मोठं आणि शिल्लक छोटी, त्यामुळे पिकाचा अंदाज जरासा हुकला तरी शिल्लक भलतीच हुकते. म्हणून "साठा इतके टक्के वाढला" हे वाचलं की मी तरी फार उड्या मारत नाही.

आणि असेल तो साठा आहे कुणाकडे? थोडा शेतकऱ्याकडे, मतमुरात. मतमुरा म्हणजे आपलं पेव, अगदी तेच, मंगळवेढ्याकडे होती तशी. काळी चिकण जमीन, कोरडी हवा, खड्डा खणायचा, आतून भुसा लावायचा, ज्वारी भरायची, वर माती. चांगला बुजवला तर काही वर्षं टिकते. पण दाबून ठेवायची ऐपत असेल त्याची ना. बाकीच्यांचं पीक उभं असतानाच विकलेलं असतं, गावचा व्यापारी पेरणीला पैसे देतो आणि सुगीला स्वस्तात माल नेतो, तिकडे याला शैल म्हणतात (आपल्याकडे असं काही होतच नाही, नाही का). मग मोठ्या व्यापाऱ्यांची गोदामं, पूर्वेकडच्या गदारीफ शहरात एक लाख टनाचे सायलो (धान्याची उंच कोठारं), सोव्हिएत मदतीनं 1960 च्या दशकात बांधलेले. शेतकी बँक आगाऊ पैसे देऊन बदल्यात धान्य घेते, जकातवाले (नाक्यावरची जकात नव्हे, इस्लामी धर्मदायाची) आपला हिस्सा धान्यातच उचलतात. आणि मदत संस्थांची गोदामं वेगळीच. या सगळ्या ढिगाऱ्यांची बेरीज म्हणजे "सुदानचा साठा". पश्चिमेच्या दारफुर भागातल्या अल फाशर शहरातल्या बाईला यातलं एकही कुलूप उघडता येत नाही.

सरकारी साठा तरी भरवशाचा म्हणाल तर 1990 चं बघा. नवं लष्करी सरकार आलेलं, घोषणा काय तर आपण पिकवू तेच खाऊ, आणि त्याच सरकारनं साठ्यातली ज्वारी परदेशी विकून परकीय चलन केलं. पाठोपाठ पावसानं दगा दिला. तर दुष्काळ म्हणायला तयारच नाहीत, अन्नाची तूट म्हणा म्हणे! त्याच्या आधी 1984-85 च्या दुष्काळात अमेरिकेची ज्वारी आली होती, लोक तिला रेगनची ज्वारी म्हणायचे. आमच्या पिढीला हे वेगळं सांगायला नको, बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडे आलेली लाल मिलो ती हीच, अमेरिकेत जनावरांसाठी पिकवतात ती. आमच्या घरात अजून कुणी ज्वारीला नाक मुरडलं की मिलोचं नाव निघतं. पण सुदानमधे ती बंदरात लवकर पोचली आणि दारफुरला उशिरा, कारण मधे हजारो किलोमीटर, मोडकी रेल्वे आणि पावसाळ्यात चिखल.

आता हे युद्ध, सुदानचं लष्कर आणि आरएसएफ नावाचं निमलष्करी दल यांच्यातलं. 15 एप्रिल 2023 ला खार्तूममधे सुरू झालं, बँका लुटल्या, पेरणीला कर्ज नाही, डिझेल नाही. डिसेंबरात वाद मदनी शहर आरएसएफच्या हाती पडलं, म्हणजे त्या गेझिरा प्रांताचं पाटपाण्याखालचं रान गेलं, आणि तिथलं जागतिक अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं, पंधरा लाख लोकांना महिनाभर पुरेल एवढं धान्य होतं त्यात. तो साठा कागदावर होताच की. त्या हंगामात ज्वारी 30 लाख टनांच्या आसपास झाली, आदल्या वर्षापेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त घट.

आणि इथे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. 2024 ला पाऊस चांगला झाला, लोकांनी हिंमत करून पेरलं, ज्वारी 54 लाख टनांच्या घरात गेली, साठ्याचा आकडा वर. आणि त्याच वर्षी ऑगस्टमधे अल फाशरजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ (पावसाचा नव्हे, उपासमारीचा) जाहीर झाला, डिसेंबरपर्यंत तो पाच ठिकाणी पसरला. ज्वारी पूर्वेला गदारीफला, भुकेले पश्चिमेला दारफुरात, मधे दोन सैन्यं आणि प्रत्येक नाक्यावर वसुली. वेढ्यातल्या अल फाशरात 2025 ला लोक शेंगदाण्याची पेंड खात होते. पेंड! त्याच देशात ज्वारी शिल्लक असताना.

मग कुणी म्हणतं, अमेरिकेची मागवा ना परत. अहो, त्या ज्वारीचा मुख्य गिऱ्हाईक चीन. 2013 नंतर डुकरा-कोंबड्यांच्या खाद्यासाठी तो एवढी उचलायला लागला की भावच त्याच्या मर्जीवर गेला. 2018 च्या एप्रिलात चीननं त्यावर आयात करणाऱ्यानं भरायची 178.6 टक्के अनामत लावली, भर समुद्रातली जहाजं मागे फिरली, महिनाभरात ती अनामत उठवलीही. या खेळात सुदानला कोण विचारतो. तिथे धान्य बिनपैशाचं पोचलं तर मदत म्हणून पोचतं, आणि ती मदत देणारं अमेरिकेचं सरकारी खातंच (यूएसएड) 2025 ला मोडीत काढलं.

म्हणून मी आता देशाच्या साठ्याचा आकडा शेवटी बघतो. आधी बघतो गदारीफला पोतं कितीला गेलं आणि दारफुरात कितीला. दोन्हीकडे भाव जवळजवळ असेल तर माल फिरतोय. पूर्वेला शेतकरी भाव पडला म्हणून रडतोय आणि पश्चिमेला कित्येक पटीनं महाग, असं असेल तर साठा कितीही वाढू दे, ट्रक पुढे जात नाहीयेत एवढं कळतं.